दिवाळी ते गणपती: खेळाच्या टेबलावरची दलदल, वापरानंतर

गेल्या दिवाळीनंतर मिनिएचरच्या, म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांच्या (मिनींच्या) तुकड्या लढवायच्या खेळासाठी दलदलीचं टेरेन, म्हणजे टेबलावर मांडायचा जमिनीचा देखावा, केलं. आता त्याच्यावरून बेळगावचा अख्खा पावसाळा गेलाय. नुकतं वाळलेलं टेरेन सगळंच छान दिसतं. आषाढात त्यावर मिनी उभ्या करून, तासाभराने त्या न चिकटता उचलता आल्या, तर ते खरं टेरेन. मी तेवढ्यापुरतंच लिहितोय.

आम्ही बहुतेक वेळा वन पेज रूल्सच्या फुकट मिळणाऱ्या नियमांवर खेळतो. त्यात धावणारी तुकडी एरवी 12 इंच जाते, पण अवघड जमीन लागली की 6 इंचांवर अडते. साहजिकच दलदल कुठे सुरू होते आणि कुठे संपते यावर डाव फिरतो. गवताच्या झुपक्यांत हरवलेली कड म्हणजे प्रत्येक डावात वाद. म्हणून मोठा अखंड बोर्ड केलाच नाही. 6 ते 9 इंचांचे सुटे तुकडे केले, प्रत्येकाला चारही बाजूंनी मातीची उतरती कड. कडेच्या आत पाय पडला की दलदल, बाहेर कोरडं. साडीच्या खोक्यात हे तुकडे सपाट बसतात, आणि शहापुरात तशी खोकी मागितली की मिळतात. खानापूरला किंवा निपाणीला खेळायला जाताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसता येतं.

तळाला 5 मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे हलका प्लॅस्टिकचा फोमबोर्ड, वापरला. दुकानांच्या पाट्या करणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. पाण्याने तो फुगत नाही, वाकत नाही. माझ्या मित्राने त्याच सुमारास 3 मिलिमीटरच्या एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) असेच तुकडे केले. श्रावण येईपर्यंत त्याच्या कडा वर उचलल्या होत्या आणि मिनी डुगडुगायला लागल्या. काठाला थर्माकोलच्या पातळ पट्ट्या, वरून फेव्हिकॉलमध्ये कालवलेली वॉल पुट्टी. हा लेप पूर्ण वाळल्याशिवाय स्प्रेचा डबा जवळ आणू नका, त्यातल्या सॉल्व्हंटने थर्माकोल विरघळतो.

आता पाणी. हे तीन प्रकारांनी करून पाहिलं. एका तुकड्यावर पांढऱ्या गोंदाचे थर, एकावर पाण्यात मिसळणारं चकचकीत व्हार्निश, बाकीच्यांवर दोन भागांचं इपॉक्सी रेझिन (रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर मिसळून ओततात ते). उन्हाळ्यापर्यंत तिन्ही उत्तम होते. जूनच्या शेवटी हवा दमट झाली तसा गोंद दुधाळ दिसायला लागला आणि बोटाला चिकट लागू लागला. त्यावर उभ्या केलेल्या मिनी उचलताना त्यांच्या बेसच्या (पायाखालच्या चकतीच्या) कडेचा रंग निघून आला. माझ्या मते गोंदाचं पाणी आपल्या भागासाठी बादच. व्हार्निश थोडं बरं, पण जाड थर दिला तर तेही चिकट राहतं. ओल्या चिखलाची चमक आणायला पातळ हात मारावा, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. इपॉक्सी मात्र भर पावसात कडक राहिलं. महाग आहे, तरी पुन्हा तेच घेईन.

पण ते ओतायचं कोरड्या हवेत. दिवाळी ते शिवरात्र हा आपल्याकडचा काळ योग्य. पावसाळ्यात ओतलं तर वर पांढुरका, तेलकट पापुद्रा धरतो. थंडीत घट्ट व्हायला वेळ लागतो, तो लागू द्यावा. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि वजनाने सांगितलंय की मापाने हे नीट वाचून. अंदाजपंचे एकदाही नाही. सावकाश ढवळायचं, थर 3-4 मिलिमीटरचा, तो बसला की दुसरा. एकदम जाड ओतलं तर ते तापतं आणि खालचा थर्माकोल बसतो. फायबरच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं म्हणून आणू नका. त्यात स्टायरीन असतं, थर्माकोल जागेवर खाऊन टाकेल. खिडकी उघडी आणि हातात ग्लोव्ह्ज हवेतच.

रंगासाठी डोळ्यांसमोर एकच जागा होती. चोर्ल्याचा घाट उतरून सत्तरीत गेलं की गोव्यात बांबरला निरंकाराची राय (देवराई) आहे, रानजायफळाच्या जातीच्या झाडांची गोड्या पाण्यातली दलदल. चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळं हवेसाठी बाहेर येतात. तिथलं पाणी बघितल्यावर खेळांच्या पुस्तकांतली विषारी हिरवी दलदल नकोशी झाली. पहिल्या थरात तपकिरी रंगाचा थेंब, वरच्या थरात जवळजवळ काहीच नाही. खोली आपोआप दिसते. मुळं तांब्याच्या तारेवर पुट्टी चढवून केली. काठाला आपली लाल मातीच, वस्त्रगाळ करून. दिवाळीत किल्ले केलेल्या कुणालाही हे शिकवावं लागणार नाही, बेळगावात तर नाहीच. फक्त पाण्यालगत ती काळपट रंगाने दाबा, नाहीतर चिखलाऐवजी अंगण वाटतं.

लव्हाळ्यासाठी खराट्याच्या काड्या आणि काथ्या, जमिनीवरच्या पाचोळ्यासाठी वाळवलेली चहाची पूड. इथे पावसाळ्याने त्रास दिला: चहाच्या पुडीवर बुरशी आली. काथ्याला आली नाही, कारण त्यावर मॅट व्हार्निश होतं. नंतरच्या पुडीला खळीत घालतात तसं चिमूटभर मोरचूद गोंदात घातलं, वरून व्हार्निश दिलं, आणि ती अजून स्वच्छ आहे. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असतील तर नुसत्या व्हार्निशवर भागवा.

एक गोष्ट उन्हाळ्यातली. एप्रिलमध्ये बंद गाडीत खोकं ठेवू नका. इपॉक्सी तापलं की मऊ पडतं आणि वर ठेवलेल्या वस्तूचा ठसा उठतो. घरात, पंख्याखाली, काहीही होत नाही.

यंदा थंडी पडली की याच संचाला ओढ्याचे तुकडे जोडतोय. रुंदी 4 इंच ठेवणार, म्हणजे काठाशी आलेली तुकडी एका फेरीत पलीकडे निघेल. त्याहून रुंद ओढा केला तर सगळे त्याला टाळून जातात आणि टेबलाचा मधला भाग रिकामा राहतो.