खैऱ्या मुळातून घालवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका घरी होळीच्या सुमारास दुचाकीवरून एकजण आला. परड्यातल्या कागदी लिंबाची पानं बघून हा खैऱ्या, म्हणजे कॅन्कर, असं त्याने सांगितलं. तिथपर्यंत तो खरं बोलला. मग साडेआठशेला एक अशा दोन बाटल्या त्याने आळ्यात ओतल्या. ‘रोग मुळातून जाईल, नवी पालवी स्वच्छ येईल,’ म्हणाला. एप्रिलात पालवी खरंच स्वच्छ आली. घरच्यांचा विश्वास बसला आणि पुढच्या खेपेला त्याने ‘खैऱ्या न येणारी’ चार कलमं गळ्यात मारली. जुलैअखेर जुनं झाड आणि नवी कलमं, सगळ्यांवर डाग. त्याचा फोन बंद.

सगळी मेख त्या एप्रिलच्या पालवीत आहे. खैऱ्या जिवाणूंमुळे होतो. डागातले जिवाणू पावसाच्या थेंबांबरोबर उडतात, वाऱ्याने कोवळ्या पानांवर पडतात आणि पर्णरंध्रांतून किंवा नागअळीने पोखरलेल्या जागेतून आत शिरतात. उन्हाळ्यात पानं कोरडी असतात, म्हणून तेव्हाची पालवी बहुधा आपोआपच स्वच्छ येते. आळ्यात नुसतं पाणी ओतलं असतं तरी तेच दिसलं असतं. डाग पडलेलं पान कुठल्याच औषधाने पुन्हा नितळ होत नाही. जपता येते ती फक्त पुढची पालवी.

ओळख सोपी आहे. पान उजेडासमोर धरा: तपकिरी डागाभोवती पिवळं कडं दिसतं. बोट फिरवा: डाग दोन्ही बाजूंनी उठलेला आणि खरखरीत लागतो. फळावर कडं ठळक नसतं, खपलीसारखे खड्डे पडतात. रोग सालीपुरताच असतो, रस खुशाल वापरा. खोडाच्या बुडाशी डिंक वाहत असेल तर तो डिंक्या, बुरशीचा वेगळा रोग. दोन्हींवर एकच बाटली देणारा माणूस दारातूनच परत पाठवा.

खरा उपाय स्वस्त आहे, पण वेळ पाळावी लागते. कोरड्या दिवसांत, वळीव सुरू होण्याआधी, डागाळलेल्या फांद्या डागाच्या दोन-तीन इंच खालून कापा. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. कापलेलं आणि खाली गळलेलं सगळं जाळा. पावसात छाटणी केली तर रोग आपणच पसरवतो. छाटल्यावर लगेच एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारा: 100 ग्रॅम मोरचूद 5 लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्याच बादल्यांत. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळा. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. कापडातून गाळून त्याच दिवशी संपवा. एवढा खटाटोप नको असेल तर 50 टक्के कॉपर ऑक्सिक्लोराइड, लिटरला 3 ग्रॅम. पावसाळ्यात प्रत्येक नव्या पालवीवर, उघडीप बघून, साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा. युरियाचा मारा टाळा. कोवळी पालवी जितकी जास्त तितकी रोगाला जागा जास्त.

रोपांबाबत: कागदी लिंबू बियांपासूनही मूळ झाडासारखंच येतं, त्यामुळे ‘खास कलमा’साठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. राहुरी कृषी विद्यापीठाची साई शरबती ही जात खैऱ्याला सहनशील आहे. खैऱ्या अजिबात न येणारी नव्हे. अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय किंवा तालुक्याचं तोटगारिके (फलोत्पादन) खातं इथे आधी चौकशी करा. घेताना पानाची खालची बाजू आणि कोवळी डहाळी बघा, एक डाग दिसला तरी ते रोप नको.

रोग घालवतो असा दावा असलेल्या औषधावर नोंदणी क्रमांक, बॅच नंबर, मुदतीची तारीख आणि विषारीपणाचा रंगीत चौकोन कायद्याने लागतोच. ‘ऑरगॅनिक आहे, नोंदणी लागत नाही’ ही पळवाट आहे. फसला असाल तर बाटली फेकू नका. उरलेल्या औषधासकट, मोबाइलवरचा पैसे दिल्याचा पुरावा घेऊन होबळीच्या (आपल्या गावगटाच्या) रैत संपर्क केंद्रात, म्हणजे कृषी खात्याच्या शेतकरी केंद्रात जा किंवा 1915 वर ग्राहक तक्रार नोंदवा. डागाळलेल्या कलमांचे फोटो काढून ठेवा, मग ती मुळासकट उपटून जाळा.