सुरक्षा समिती की शिफ्टच्या तोंडावरची दहा मिनिटं?

भोसरी-चाकण पट्ट्यात तुमचा साठ-सत्तर कामगारांचा कारखाना असेल आणि सुरक्षेबाबत कामगारांना रीतसर विचारायचं ठरवलं असेल, तर समोर दोन वाटा येतात. एक सुरक्षा समिती. दुसरी टूलबॉक्स टॉक, म्हणजे शिफ्ट सुरू होताना मशीनपाशी उभ्या-उभ्या बोलणं.

आधी कामाचं स्वरूप तपासा. इलेक्ट्रोप्लेटिंगसारखी (धातूवर विजेने मुलामा चढवण्याची) धोकादायक प्रक्रिया असेल, तर समिती बंधनकारक असू शकते; आज लागू असलेला नियम तपासा. भोपाळच्या 1984 च्या वायुगळतीनंतर, 1987 मध्ये कारखाने अधिनियमात कलम 41-जी (41G) आलं. त्यात कामगार आणि व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सारख्या संख्येने मागितले होते. आता त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या 2020 च्या कामगार-सुरक्षा संहितेतही कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी चालत नाहीत.

समितीचं बळ खर्चाच्या मंजुरीत आहे. प्रेसला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनला, लाइट कर्टन (हात आत गेला की मशीन थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवायचा तर पैसे देणारा माणूस त्याच टेबलाशी असतो, आणि इतिवृत्तात तारीख पडली की पुढच्या बैठकीत जाब विचारता येतो. पण तिथे बसतात बहुधा कायम कामगार. प्रेसवर हात असतो कंत्राटी पोराचा, आणि उद्या ठेकेदार गेटवरून परत पाठवेल म्हणून तो गप्प राहतो.

मी काम केलेल्या एका कारखान्यात प्रेसची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची असतात, म्हणजे हात आत राहत नाहीत; त्यांपैकी एक चिंधी कोंबून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, टार्गेट गाठण्यासाठी. समितीच्या दोन बैठका झाल्या, विषय निघाला नाही. मग रात्रपाळीच्या सुपरवायझरने एकदा टॉकमध्ये विचारलं, "काल कुणाचा हात थोडक्यात वाचला?" एक हेल्पर बोलला, मग तिघं बोलले. त्या पोरांची बोटं त्या प्रश्नाने वाचवली, असं मी मानतो.

टॉकचा धोका वेगळा: सुपरवायझरच बोलत राहतो, किंवा तक्रार ऐकली जाते आणि तिथेच विरते. म्हणून रजिस्टर ठेवा आणि गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीआधी प्रत्येक नोंदीला उत्तर द्या, नकार असला तरी कारणासकट. सूचनापेटीवर फार विसंबू नका. लिहायला कचरणारा माणूस तिच्याकडे फिरकत नाही.

कायद्याचं बंधन नसेल तर मी टॉकपासून सुरुवात करेन. रजिस्टरमध्ये तीच तक्रार तिसऱ्यांदा आली आणि अडलं पैशापाशी, की समिती नेमेन, आणि तिच्यात एक खुर्ची कंत्राटी कामगाराची, त्याच्या सोबत्यांनी निवडलेल्या.