एक जाड जॅकेट की तीन पातळ थर : कोल्हापूरच्या थंडीसाठी निवड

कोल्हापुरात गरम कपडे घेण्यापूर्वी इथली थंडी किती तास टिकते, याचा हिशेब केलेला बरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १४-१५ अंशांवर असतो आणि दुपारी तोच २९-३० अंशांपर्यंत चढतो. त्यामुळे सकाळी सहाला रंकाळ्यावर जे अंगावर हवेसे वाटते, ते अकरा वाजता राजारामपुरीत नकोसे होते. म्हणूनच सर्वांत उबदार काय, यापेक्षा काय सहज उतरवता येते आणि उतरवल्यावर आत काय दिसते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

जाड अस्तराचे जॅकेट घेण्यात एक सोय निश्चित आहे. पहाटे दुचाकीवरून गोकुळ शिरगावला पाळीवर जाणाऱ्याने ते चढवले, चेन ओढली की काम झाले. मात्र त्याला मधली पायरी नाही, ते एक तर अंगावर असते किंवा हातात. थरांचे तसे नसते. ऊब कापडापेक्षा त्यात अडकलेल्या हवेमुळे टिकते आणि दोन थरांमध्येही हवा राहते, त्यामुळे दोन-तीन पातळ कपडे एका जाड कपड्याइतकेच काम करतात. शिवाय ऊन चढेल तसा एकेक कमी करता येतो.

आतल्या थराला बसून काम करणाऱ्यासाठी इचलकरंजीसारख्या ठिकाणी विणलेले साधे सुती कापड पुरेसे आहे. भरभर चालणाऱ्याने मात्र सुती टाळावे, कारण ते घाम शोषून ओलेच राहते आणि थांबल्यावर गार लागते.

खरी निवड मधल्या थराची. फ्लीस म्हणजे पॉलिएस्टरच. ते हलके असते, धुतल्यावर लवकर वाळते आणि तुलनेने स्वस्त मिळते. पण ओलावा जवळजवळ शोषत नाही आणि स्वस्तातल्या कापडावर काही धुण्यांतच गोळे येतात. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही फारशी ओली वाटत नाही, आणि सदऱ्यावर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर जितका शोभतो तितके फ्लीस कधीच शोभत नाही. कचेरीत दिवसभर अंगावर राहणार असेल, तर मी लोकरच घेईन. फक्त पहाटेच्या फेरीसाठी फ्लीस पुरे.

आपल्याकडच्या घोंगडीची लोकर मात्र या तुलनेत वेगळी धरावी. दख्खनी मेंढीच्या जाड केसांची ही वीण, तिला चिंचोक्याची खळ दिलेली, त्यामुळे उघड्या अंगाला ती टोचते. मधल्या थराला ती निरुपयोगी, पण त्याच कापडाचे, आतून अस्तर लावलेले जाकीट बाहेरच्या थराला उत्तम आणि दिसायला कुणासारखे नसलेले.

बाहेरच्या थरासाठी विंडचीटर, बंडी किंवा शाल असे तीन पर्याय उरतात. गाडीवर वारा अडवायचा, तर विंडचीटरला तोड नाही, पन्हाळ्याच्या धुक्यात तर नाहीच. संध्याकाळच्या लग्नाला मात्र खादीची बंडी किंवा साडीवर लोकरी शाल घेणेच योग्य. भरजरी साडीवर विंडचीटर पाहिला की मला बिचाऱ्या साडीची दया येते. रंगांबाबत एवढेच पाळावे, की नक्षी किंवा चौकडी एकाच थरावर असावी आणि बाकीचे थर सपाट रंगांचे असावेत. आतला कपडा बाहेरच्यापेक्षा लांब असेल, तर तो मुद्दाम ठेवल्यासारखा चांगला चार-पाच बोटे दिसावा. अर्धा बोट डोकावला, तर नुसता गबाळेपणा वाटतो.

किंमत पाहताना सांभाळण्याचा खटाटोपही धरावा. लोकरीला कसर लागते, आणि ती घामाच्या डागांवर आधी बसते. म्हणून फेब्रुवारीअखेर स्वेटर धुऊन, पूर्ण वाळवूनच ट्रंकेत ठेवावा लागतो आणि पावसाळ्यात एखाद-दोनदा काढून पाहावा लागतो. एवढे जमणार नसेल, तर फ्लीसच घ्यावे; त्याला कसर तोंड लावत नाही.