रिएजंट टेस्ट किट: एर्लिक पास, मार्क्विस अर्धवट, पत्रक नापास

ड्रग्जमध्ये नेमकं काय आहे ते तपासायच्या किटबद्दल लिहितोय. ब्रँडचं नाव देत नाही, साधारण सगळी सारखीच असतात: एर्लिक आणि मार्क्विस या रंग बदलून दाखवणाऱ्या रसायनांच्या बाटल्या, रंगांचा चार्ट, फेंटानिल (हेरॉईनपेक्षा कितीतरी जहाल ड्रग) ओळखायच्या पट्ट्या. मागवलं ते ग्रुपमधले वाद मिटवायला, कारण तिथे जो तो केमिस्ट. गोळीवर तपकिरी ठिपके दिसले की म्हणे हेरॉईन मिसळलंय, एलएसडी म्हणून मिळणारा कागदाचा तुकडा कडू नाही लागला म्हणजे शंभर टक्के एलएसडी, आणि ट्रिपमध्ये पोटात कळ आली की स्ट्रिक्नीन नावाचं विष! अरे एलएसडीचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो म्हणून नखाएवढ्या कागदावर बसतो, स्ट्रिक्नीन बाधायला मिलिग्रॅम लागतात, ते मावणार कुठे त्यावर? पण पिढ्यानपिढ्या चालू आहे ही गोष्ट.

कागदाच्या बाबतीत किट मस्त. कोपरा कापायचा, एर्लिकचा थेंब टाकायचा, एलएसडी असेल तर हळूहळू जांभळा चढतो, एनबीओमी (एलएसडी म्हणून खपवलं जाणारं दुसरंच ड्रग) असेल तर काहीच होत नाही. चवीवरून ठरवणारे गप्प बसले एकदाचे.

मार्क्विसने मात्र नवीनच अफवा सुरू केली. एमडीएमएवर (म्हणजे एक्स्टसी) तो जांभळट काळा होतो, तर आता लोक म्हणतात जितका काळा तितका माल प्युअर. तसं काही नसतं हो, रंगावरून किती आहे ते कळत नाही, उलट त्या काळ्यात बाकीची भेसळ झाकली जाते. आणि गंमत बघा, हेरॉईनवर पण हा जांभळाच होतो, म्हणजे ठिपक्यांचं भांडण जिथल्या तिथे 😂

पट्ट्यांचं वाचन प्रेग्नन्सी टेस्टच्या उलट: एक रेघ म्हणजे फेंटानिल सापडलं, दोन म्हणजे सापडलं नाही. एवढी जीवघेणी गोष्ट पत्रकात बारीक अक्षरात कोपऱ्यात छापलीये, काय म्हणावं! शिवाय पावडर एकसारखी मिसळलेली नसते, चिमटीत नाही आलं म्हणजे उरलेल्या पुडीत नाही असं होत नाही, हे तर लिहिलेलंच नाही.

ओव्हरडोस झाला की दूध पाजा, मिठाचं पाणी टोचा, गार पाण्याखाली धरा असले उपाय अजून सांगितले जातात, यातल्या एकानेही माणूस वाचत नाही, लागते अँब्युलन्स, तोंडाने श्वास देणं आणि ओपिऑइड (हेरॉईन, फेंटानिलसारखं) असेल तर त्यावरचा उतारा, नॅलोक्सोन. पत्रकात यावर एक ओळ टाकायला काय जात होतं?

मार्क्विसमध्ये कडक सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि माझ्या बाटलीचं झाकण गळकं निघालं, टेबलावर डाग पडलाय. तीन स्टार, तेही एर्लिकमुळे. नुसती एर्लिकची बाटली आणि पट्ट्या सुट्या मिळत असतील तर तेच घ्या.