पार्किंगला सच्छिद्र काँक्रीट घालायचं की फटीचे ब्लॉक?

सांगलीत शामरावनगरसारख्या भागात एक जोराचा पाऊस झाला की पाणी तुंबतं, त्यामुळे पाणी मुरवणारं पार्किंग करायचा विचार चांगलाच आहे, पण दोन्ही पर्याय सारखे नाहीत. सच्छिद्र काँक्रीटमध्ये बारीक वाळू जवळपास नसतेच, नुसती खडी आणि सिमेंट, त्यामुळे साधारण 15 ते 25 टक्के पोकळी राहते आणि पाणी सरळ खाली जातं. थंड देशात भीती असते बर्फाची, पण खाली जाड खडीचा थर असेल तर पाणी पोकळीत साचून गोठत नाही, खरा त्रास बर्फ वितळवायला मीठ आणि घसरू नये म्हणून वाळू टाकतात त्याने होतो, मिठाने काँक्रीट झडतं आणि वाळूने भोकं बुजतात. आपल्याकडं मीठ नाही पण चिखल आणि धूळ आहेच की! आणि काँक्रीट आतून बुजलं की साफ करणं लई अवघड.

दोन ब्लॉकमधल्या फटीत बारीक खडी असते, पाणी तिच्यातून खाली जातं, ती बुजली तर काढून नवी भरता येते, एखादा ब्लॉक खचला तर तेवढाच उचलायचा. माझं मत सरळ ब्लॉकला. फक्त मिस्त्रीला फटीत कच (दगडाची बारीक भुकटी) भरू देऊ नका, नाहीतर तो साधाच पेव्हिंग ब्लॉक झाला.

दोन्हीत खाली काळी माती असेल तर पाणी मुरतच नाही म्हटलं तरी चालेल, खडीत भोकांचा पाइप टाकून ते गटारीला काढावंच लागतं. कृष्णेचा पूर आला, 2019 सारखा, तर मात्र यातलं काहीच उपयोगाचं नाही, हे पावसाच्या पाण्यापुरतंच.