इंग्रजी साहित्य आणि इतिहास एकत्र: ऑक्सफर्ड की एडिनबरा?

बारावीतली भाची या दोनांत अडकली आहे. दोन्हीकडे हे विषय जोडीने घेता येतात, पण घडण वेगळी.

मोठा फरक वर्षांचा. ऑक्सफर्डची बीए 3 वर्षांची. एडिनबराची पदवी 4 वर्षांची. नाव एमए असलं तरी ती पहिलीच पदवी, आपल्याकडची एमए नव्हे. म्हणजे परदेशी विद्यार्थ्याला एका वर्षाची फी आणि राहण्याचा खर्च जास्त. हा हिशेब घरी आधी मांडा.

ते वर्ष वाया मात्र जात नाही. एडिनबरात पहिली 2 वर्षं इतर विषयही घेऊन बघता येतात, खोलातलं काम शेवटच्या दोनांत. ऑक्सफर्डला 8 आठवड्यांच्या टर्ममध्ये पहिल्यापासून निबंधांचा रतीब, आणि ट्यूटरसमोर दोघा-तिघांत बसून आपलं म्हणणं पटवून द्यायचं. अबोल मुलांना हे जड जातं, तरी शिकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. प्रवेशासाठी निवडक अर्जदारांची मुलाखतही होते.

दोन्ही विषयांवर जीव आहे, वादाची भीती नाही, त्यांनी ऑक्सफर्ड बघावं. मन अजून डळमळतंय आणि चौथं वर्ष झेपणारं आहे, तर एडिनबरा. भाचीला मी एडिनबराच सुचवलंय.