जैतापूरचं गरम पाणी: थेट समुद्रात, की कुलिंग टॉवर?

रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरजवळ माडबनला १७३० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या प्रस्तावित आहेत. त्या थंड कशा करायच्या, हा खरा पेच: थेट पद्धतीत समुद्राचं पाणी एकदा फिरवून गरमच परत समुद्रात सोडतात; टॉवरमध्ये तेच पाणी हवेने थंड करून पुन्हा पुन्हा वापरतात. एकेक भट्टी सुमारे २९०० मेगावॅट उष्णता बाहेर टाकणार.

आधी पाणी. थेट पद्धतीत पाणी ७ अंशांनीच तापू द्यायचं, तर एका भट्टीला सेकंदाला साधारण १०० घनमीटर लागतं. मोठी मासळी चाळणीवर अडकते, ती दिसते तरी. अंडी आणि बारीक पिल्लं मात्र भोकांतून आत जातात आणि कंडेन्सरच्या (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांत उष्णता, दाब आणि शिंपले बसू नयेत म्हणून सोडलेलं क्लोरीन हे सगळं एकदम सोसतात. साखरी नाट्याच्या मच्छीमारांची उद्याची मासळी तीच. टॉवरला यातलं ३-४ टक्के पाणी पुरतं.

जमिनीवर पारडं फिरतं. टॉवर सड्याची (कातळी पठाराची) जागा खातात, थोडी वीजही खातात आणि खारे तुषार उडवतात. तुषाररोधक पट्ट्या नीट नसल्या तर ते वाऱ्याबरोबर हापूसच्या मोहोरावर बसतात.

बिघाडात थेट पद्धत नाजूक. ऑगस्ट २०२५ मध्ये पाण्याच्या चाळण्यांत अडकलेल्या जेलीफिशमुळे फ्रान्समधल्या ग्रावलिनच्या चार भट्ट्या बंद पडल्या.

जवळच्या वेत्ये किनाऱ्यावरची कासवं उजेडाने भरकटू नयेत म्हणून प्रकल्पाचे दिवे झाकणं दोन्ही पद्धतींत आवश्यकच.

खाडीचं तोंड आणि मासळीची वीण जवळ असेल तिथे टॉवरच हवेत. किनाऱ्यालगत खोल, वाहतं पाणी आणि मागे दाट बागायत असेल, तर लांब बोगद्याने दूर सोडणारी थेट पद्धत चालेल.